‘हरकती : निरंक’ : किनारी गावांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांस खुले पत्र

सन्माननीय अधिकारी महोदय,

मी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका लहान गावात राहते. बत्तीस वर्षे याच पट्ट्यातील उपकेंद्रांवर मी आरोग्यसेविका म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. माझे सासर रापणकारांचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे धरणाऱ्यांचे. ज्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आमची रापण लागते, जाळी वाळतात आणि पहाटे मासळीचे वाटे पडतात, त्याच पुळणीचा वरचा भाग पर्यटकांच्या वाहनतळासाठी सुचवला गेला आहे, हे आम्हाला कळले तेव्हा त्यावर हरकत घेण्याची मुदत संपून सहा आठवडे उलटले होते. माहितीच्या अधिकारात मागवलेल्या टिपणीवर दोन ओळी होत्या : ‘ग्रामस्थांना कळविण्यात आले. विहित मुदतीत प्राप्त हरकती : निरंक.’

वाहनतळ हवा की नको, हा या पत्राचा विषय नाही. तो वाद आम्ही योग्य ठिकाणी मांडू. मला बोलायचे आहे ते त्या टिपणीतील ‘कळविण्यात आले’ या शब्दांविषयी आणि त्याच महिन्यात घेतलेल्या दुसऱ्या एका निर्णयाविषयी. ग्रामपंचायतीत दर महिन्याला आपल्या कार्यालयातील कोणीतरी येऊन बसत असे आणि लोक काय हवे ते विचारत असत. ती बैठक ‘सर्व सूचना आता ग्रुपवर दिल्या जात असल्याने’ बंद करण्यात आली आहे. पुळण गेली तर आमच्या वाडीचे नुकसान होईल, पण या दुसऱ्या निर्णयामागची समजूत रूढ झाली तर ते नुकसान किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीला पोहोचेल, असे मला वाटते, म्हणून हे पत्र एखाद्या टेबलावर न देता सर्वांसमोर ठेवते आहे.

मराठीत ‘कळणे’ आणि ‘कळवणे’ यांत एका ‘व’चा फरक आहे. ‘जेवणे’ आणि ‘जेववणे’ यांतही तोच आहे. पान वाढून ठेवले आणि माणूस उपाशी उठला, तर त्याला जेववले असे कोणी म्हणत नाही. कळवण्याच्या बाबतीत मात्र पान वाढले की काम संपले, असे आपल्या दप्तरात धरले जाते.

त्या वेळी प्रत्यक्षात काय घडले ते सांगते. रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ग्रुपवर चौदा पानांची फाईल आली. फाईलचे नाव म्हणजे नुसते आकडे होते. सोबत एक ओळ होती : ‘माहितीसाठी.’ आमच्या वाडीतील तेवीस घरांपैकी नऊ घरांतले कोणी ना कोणी त्या ग्रुपवर आहे आणि त्या नवांतील पाच मुलगे मुंबईला कामाला आहेत. ज्यांनी फाईल उघडली त्यांना पहिल्या पानावर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सदरहू भूखंड’, ‘अधोस्वाक्षरीकर्ता’ हे शब्द भेटले आणि भूखंडाचा फक्त क्रमांक भेटला. आम्ही त्या जागेला ‘वडाखालची पुळण’ म्हणतो. तो क्रमांक त्या पुळणीचा आहे हे ओळखायला तलाठ्याच्या दप्तराची गरज होती. कोणाला विचारावेसे वाटले असते तरी त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येते. संदेशाखाली निळ्या खुणा उमटल्या असतीलही. त्या खुणा फोनवर संदेश उघडल्याच्या असतात आणि तो कोणी, कोणत्या घाईत, चष्मा डोळ्यांवर असताना की नसताना उघडला, हे त्यांच्यावरून समजत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मुदत संपण्यापूर्वी आपल्या कार्यालयातील एक कर्मचारी माझ्या थोरल्या दिरांना वाटेत भेटला. आमच्या रापणीचा कारभार तेच पाहतात. त्याने विचारले, ‘‘काका, त्या जागेचो कागद इलो हा, काय हरकत नाय मां?’’ दीर म्हणाले, ‘‘हरकत कसली? बघया.’’

तो मुलगा खोटे बोलला असे मी म्हणत नाही. त्याने ऐकले तेच त्याने वर सांगितले असणार. परंतु ‘हरकत’ हा शब्द दप्तरात आक्षेपासाठी वापरतात आणि वाटेवर भेटलेल्या माणसाशी बोलताना ‘हरकत नाही’ ही केवळ रीत असते. चहा घेणार का असे विचारल्यावरही आम्ही तसेच म्हणतो. आणि ‘बघया’ हे आमच्या बोलीतले बहुतेक वेळा नकाराचे उत्तर आहे. तोंडावर ‘नाही’ म्हणून समोरच्याला अवघडून टाकू नये, म्हणून ते तसे दिलेले असते. मुलीसाठी स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला ‘बघया’ म्हटले की तो समजतो आणि पुन्हा त्या घरी येत नाही. जो मालवणी घरात वाढला त्याला हे शिकवावे लागत नाही आणि तो मुलगाही मालवणीच आहे. घरी असता तर त्याने तो नकार ओळखला असता. कार्यालयाचा कागद हातात आला की मात्र त्याला शब्द दप्तराच्या अर्थाने ऐकू येऊ लागले.

इथे मला माझीच एक चूक सांगणे भाग आहे, कारण ती न सांगता आपल्याला दोष देणे बरे नव्हे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी जुलाब लागलेल्या मुलांच्या आयांना क्षारसंजीवनीची पुडी देत असे. ‘एक पुडी, एक लिटर पाणी’ असे सांगून मी विचारत असे, ‘‘कळला मां?’’ त्या म्हणत, ‘‘होय बाय, कळला.’’ मी नोंदवहीत खूण करत असे. एका पावसाळ्यात एका घरी दुसऱ्या दिवशी गेले, तर आईने अख्खी पुडी एका पेल्यात विरघळवून पोराला पाजली होती. इतके दाट पाणी मुलाला अपायकारक असते. पोर सुदैवाने बचावले. मी चिडून म्हटले, ‘‘मी लिटर सांगितले होते ना?’’ ती म्हणाली, ‘‘बाय, लिटर म्हणजे किती?’’ तिच्या घरात तांब्या होता, कळशी होती, पेजेचे भांडे होते, लिटर नव्हता.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी ‘कळला मां?’ हा प्रश्न कोणालाही विचारला नाही. त्या प्रश्नाला ‘होय’ याखेरीज उत्तरच नसते. नर्सबाईसमोर, तलाठ्यासमोर, साहेबांसमोर ‘नाही कळले’ म्हणायला माणसाला आपली लाज बाजूला ठेवावी लागते. मी म्हणू लागले, ‘‘घरात कुठल्या भांड्यात करशील ते भांडे आण आणि मला करून दाखव.’’ वेळ दुप्पट लागे, पण चुका तिथल्या तिथे दिसत. बऱ्याच वेळा चूक तिची नसे. माझ्या सांगण्यातच खोट असे.

आपल्या सांगण्यातील खोट आपल्याला का दिसत नाही, याचा एक सुंदर प्रयोग पुढे वाचनात आला. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितले आणि समोरच्यांनी गाणे ओळखायचे होते. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, सगळे चालू असते. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. आपल्याकडे भजनाला बसणाऱ्या कोणीही हा खेळ घरी करून पाहावा. आपण चौदा पाने पाठवलीत तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे नकाशा होता, आराखडा होता, मागचा सगळा पत्रव्यवहार होता. आम्हाला टकटक ऐकू आली, आणि तीही रात्री पावणेबाराला.

आता प्रशिक्षणाविषयी. गेल्या वर्षी गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी ‘प्रभावी संवाद’ या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. माझी पुतणी आशा कार्यकर्ती आहे, ती तिथून एक छापील पान घेऊन आली. त्यावर मोठ्या अक्षरांत होते की संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. हे आकडे जगभर फिरतात आणि जवळपास सर्वत्र चुकीच्या अर्थाने फिरतात. ते अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधील दोन प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत एकेकटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवले गेले, काही वेळा चेहऱ्याची छायाचित्रे दाखवली गेली आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढेच ऐकणाऱ्यांनी ओळखायचे होते. शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरेच, अशा वेळी भावना कशावरून ताडली जाते, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर होते. भावना आणि आवडीनिवडी यांखेरीज इतर बोलण्याला हे प्रमाण लागू होत नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे.

त्या आकड्यांचा खरेपणा तपासायला पुस्तकही लागत नाही. आमच्याकडच्या यांत्रिकी नौकांवर आता कितीतरी खलाशी नेपाळचे असतात. शब्दांचे काम जर ७ टक्क्यांचेच असते, तर नेपाळहून आलेल्या मुलाला तांडेलाचे, म्हणजे नौकेच्या म्होरक्याचे, बोलणे पहिल्याच दिवशी ९३ टक्के कळायला हवे होते. प्रत्यक्षात त्याला ‘नांगर सोड’ आणि ‘नांगर घे’ यांतला फरक कळेपर्यंत तांडेलाचा जीव टांगणीला लागलेला असतो.

हे पान निरुपद्रवी आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. शब्दांना फारशी किंमत नाही असे एकदा शिकवले की नोटीस कोणत्या शब्दांत लिहिली आहे याकडे बघायचे कारणच उरत नाही. हसतमुख माणूस पाठवला की झाले. त्याच पानावर ‘नजर चुकवणारा काहीतरी लपवत असतो’ असेही वाक्य होते. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर आणि कूळ खोतासमोर मान खाली घालून बोलत आले आहे, आणि साहेबासमोर आम्ही आजही तसेच उभे राहतो. नजरेवरून आणि हालचालींवरून खोटे ओळखता येते या समजुतीवर पुष्कळ अभ्यास झाले. २००६ मध्ये त्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा खरेखोटे ओळखण्याचे प्रमाण सरासरी ५४ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवण्याहून जरासे बरे. एवढ्या भांडवलावर कोणाच्या जबाबाविषयी मत बनवू नये.

‘पाठवले म्हणजे कळले’ या समजुतीचा सर्वांत मोठा धोका समुद्रावर आहे. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान चक्रीवादळात जी माणसे परत आली नाहीत त्यांच्या घरांत मी बसले आहे, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने हा किनारा झोडपला तेव्हा उपकेंद्राची कौले उडताना पाहिली आहेत. इशारे आता पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर मिळतात आणि हवामान विभागाच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तो इशारा वाडीपर्यंत येतो तो असा : ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता.’ हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर, आणि ‘अतिमुसळधार’ म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. आमच्या कानाला मात्र ‘तुरळक’ हे पावसाचेच विशेषण वाटते आणि माणूस निर्धास्त होऊन खाडीपलीकडे जातो. महसूल खात्याच्या पंचनाम्यात तर ६५ मिलिमीटरच्या वर गेले की ‘अतिवृष्टी’. म्हणजे दोन खात्यांच्या मोठ्या पावसांची नावे वेगळी, मापे वेगळी, आणि ती जुळवून घेण्याचे काम आमचे.

रंगांचेही तसेच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा, हे मी पुतणीच्या फोनवरून शिकले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात आषाढात पिवळा रंग रोजचाच. लोक लक्ष देत नाहीत म्हणून मग तोच संदेश दिवसातून सहा वेळा पाठवला जातो. जास्त वेळा सांगितले म्हणजे जास्त कळते, ही त्याच घरातली दुसरी समजूत. मी तर पाहिले आहे की सहाव्या वेळेला माणूस फोनचा आवाज बंद करतो आणि सातवा संदेश लाल रंगाचा असतो.

पूर्वी बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढत असे. बावट्यालाही शब्द नव्हते, हे मला मान्य आहे. पण त्या बावट्याखाली विचारायला माणूस असे. ‘वारा कुठल्या अंगाने? रात्रीपर्यंत टिकेल काय? नौका खाडीत घेऊ की पुळणीवर ओढू?’ तांडेलाला जे हवे ते या प्रश्नांत आहे. ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर’ या आकड्यात ते नाही. आणि नौकेवरच्या नेपाळी मुलांना त्यांच्या भाषेत एक ओळही मिळत नाही, याची दखल अजून कोणी घेतलेली मला दिसली नाही.

शेवटची तक्रार मला सर्वांत जास्त बोचलेली आहे. टिपणी हाती आल्यावर आम्ही सातजण कार्यालयात गेलो. आमचे ऐकून घेतले गेले, पाणी विचारले गेले, वागणुकीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण शेवटी सांगितले गेले, ‘‘तुमचा गैरसमज झाला आहे, नीट संवाद झाला की प्रश्न मिटेल.’’ महोदय, आमचा गैरसमज झालेला नव्हता. आराखडा आम्ही तोपर्यंत तीनदा वाचला होता. गाड्या कुठे लागणार, रस्ता कुठून येणार आणि रापण ओढणाऱ्यांना मागे सरकायला किती हात जागा उरणार, हे आम्हाला कळले होते, आणि कळले होते म्हणूनच पटले नव्हते. माणसांमधले सगळे मतभेद हे न समजल्यामुळे होतात आणि नीट बोलले की विरघळतात, ही समजूत ऐकायला गोड आहे; तिचा अर्थ मात्र असा निघतो की जो अजून विरोध करतो त्याला अजून समजलेले नाही. मग त्याला पुन्हा पुन्हा ‘समजावून सांगितले’ जाते आणि त्याचे म्हणणे कधी लिहून घेतले जात नाही. पर्ससीनवाले, म्हणजे यांत्रिकी नौकांवरून मोठी वेढा जाळी टाकणारे, आणि रापणवाले एकमेकांचे म्हणणे अक्षरशः तोंडपाठ म्हणून दाखवतील, इतके ते एकमेकांना समजतात. त्यांचा वाद मासळीचा आहे.

म्हणून माझ्या आणि माझ्यासोबत सही करण्यास तयार असलेल्या घरांच्या मागण्या अशा आहेत.

वडाखालच्या पुळणीबाबत हरकतींची मुदत पुन्हा खुली करावी आणि ती मोजायला सुरुवात वाडीत प्रत्यक्ष बैठक झाल्याच्या दिवसापासून करावी. मासिक बैठक पूर्ववत सुरू करावी. ग्रुप चालू राहण्यास आमचा विरोध नाही, पण तिथे लोकांना उत्तर लिहिता यावे, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी दवंडी किंवा ध्वनिक्षेपक चालू ठेवावा. यापुढे कोणत्याही टिपणीवर ‘निरंक’ लिहिण्यापूर्वी, ज्या वस्तीची जागा आहे तिथल्या किमान दहा माणसांना प्रस्ताव त्यांच्या शब्दांत सांगायला लावून ते तसेच्या तसे लिहून घ्यावे. ‘कळले का?’ हा प्रश्न त्या कागदावर नसावा. जागेचा क्रमांक लिहिताना शेजारी गावातले नाव लिहावे.

वादळाचा इशारा वाडीत पाठवण्याआधी एखाद्या तांडेलाला आणि एखाद्या मासेविक्रेतीला ऐकवून पाहावा आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यातच घालावीत : वारा कोणत्या दिशेचा, केव्हापासून केव्हापर्यंत, नौका कुठे हलवाव्यात. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत यांत्रिकी नौका किनाऱ्यावर असतात. या कामाला त्याहून सोयीचा काळ नाही. नेपाळी खलाशांसाठी तोच इशारा त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित करून मिळावा. प्रशिक्षणातील ते पान काढून टाकावे.

आणि आमच्या सातजणांचा विरोध दप्तरात ‘गैरसमज’ म्हणून नोंदवला गेला असल्यास ती नोंद दुरुस्त करून ‘हरकती : सात’ असे लिहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका